बसवराज सर कुणाच्या मागे धावत नसत

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजाराकडून आमच्या शाळेकडे येणारी एक गल्ली होती. इतकी अरुंद, की दोघं शेजारी शेजारी चालले तर एकाचा खांदा भिंतीला घासायचा. शाळा सुटली की आम्ही शिक्षक त्या गल्लीतून एकामागे एक असे जायचो. बसवराज सर मात्र सगळ्यांच्या पुढे असायचे, नाहीतर भिंतीला खांदा घासत कुणाच्या तरी शेजारून चालायचे. घरी पोचेपर्यंत सदऱ्याचा डावा खांदा चुन्याने पांढरा झालेला असायचा.

"सर, मागून या की जरा," असं कुणी म्हटलं की ते हसायचे.

"मागून चालायला मला जमत न्हाई बगा."

आम्हाला ती त्यांची लहर वाटायची. रेशनच्या रांगेतही ते रांगेत उभे राहायचे नाहीत, रांगेच्या बाजूला उभे राहायचे. दुकानदार चिडायचा, मागचे लोक चिडायचे, आणि सर शांतपणे म्हणायचे, "माझा नंबर ह्यांच्यानंतर हाय, मला ठावं हाय, तुम्ही काळजी करू नका." एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या अंत्ययात्रेत ते रस्त्याच्या कडेने, गटारावरून उड्या मारत, पण तिरडीच्या बरोबरीने चालले होते. त्या दिवशी काहींना हसू आवरलं नाही. मलाही.

मी नांदेडची. मराठी शिकवायला लातूरला आले तेव्हा लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. बसवराज सर क्रीडाशिक्षक होते. मूळ रेणापूरचे, घरचा धंदा कापडाचा, पण दुकानात बसणं त्यांना कधी जमलं नाही. उंच, हडकुळे, लांब पायांचे. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे असायचे आणि पहिली सुट्टी होईपर्यंत ते घामाने पुसून गेलेले असायचे. गळ्यातलं इष्टलिंग पळताना छातीवर आपटू नये म्हणून ते बनियनवरून एक फडकं आवळून बांधायचे. ते बांधलं की समजायचं, आता सर बोलणार नाहीत.

त्यांना वेड होतं लांब पल्ल्याच्या शर्यतींचं. शंभर मीटर, दोनशे मीटर यांना ते शर्यत मानत नसत. "ते बंदुकीला दचकणं हाय," म्हणायचे. त्यांच्या लेखी शर्यत म्हणजे पाच हजार मीटर, दहा हजार मीटर. आमच्या काळ्या मातीच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या त्याच त्या गोलात पुन्हा पुन्हा फिरत राहणं. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही का येत?

"येतो की. त्याच्यासाठीच तर पळायचं, बाई. तेच झाड, तीच भिंत, तीच पाण्याची टाकी. डोकं रिकामं करता आलं पायजे. ज्याचं डोकं भरलेलं ऱ्हातं, त्याचे पाय लवकर भरतेत."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

आमच्या शाळेची मुलं या शर्यतींत नेहमी हरायची, आणि सारखीच हरायची. पहिल्या फेरीपासून पुढे असायची. वारा अंगावर घेत, धूळ खात शेवटच्या फेरीपर्यंत पुढे. मग इतका वेळ मागे दबा धरून बसलेली दुसऱ्या शाळांची मुलं सुसाट यायची आणि आमच्या मुलांना टाकून निघून जायची. मुख्याध्यापक एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बसवराज, पोरांना जरा डोकं वापरायला शिकवा. पुढच्याच्या मागं राहायचं, त्याला दमवायचं आणि शेवटी काढायचं. लहान पोरालाही कळतं हे."

"ते मला शिकवता येत न्हाई, सर."

"येत नाही, का शिकवायचं नाही?"

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

त्यांच्या हाताखालच्या मुलांमध्ये एकच मुलगी होती जी सरांचं हे पुढेच पळायचं ऐकून घ्यायची नाही. सोजर तिचं नाव. नववीत होती. मुरुडजवळच्या एका खेड्यातली. बाप नव्हता, आई शेतात मजुरीला जायची. सरांनीच तिला त्या खेड्यातून आणून आमच्या शाळेत घातलं होतं आणि मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली होती. बूट दिले तर काढून ठेवायची, अनवाणीच पळायची. दोन्ही वेण्या डोक्यावर गुंडाळून पिना लावायची आणि सरांशी सरळ भांडायची.

"सर, सगळा वारा म्याच कामून खाऊ? त्या पोरीच्या आडोशाला पळते की."

"आडोशाला पळायचं न्हाई. पुढं पळ. जमत न्हाई तर बाजूनं पळ. कुणाच्या मागं लागायचं न्हाई."

"पण कामून?"

"म्या म्हणलो म्हणून."

एरवी कुणावर आवाज न चढवणारा माणूस एवढ्या एका बाबतीत असा तुटक बोलायचा.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. गावाला उधाण आलं होतं. कचेऱ्यांना जागा शोधणं चाललं होतं, पाट्यांवरचा जुना जिल्हा खोडून नवा रंगवला जात होता, बारीकसारीक कामाला उस्मानाबादची एसटी धरायचं लोकांचं संकट टळलं होतं. पाऊस त्या वर्षी धड नव्हता. आमच्या मैदानाला भेगा पडल्या होत्या, पण नव्या जिल्ह्याच्या पहिल्या मैदानी स्पर्धा थाटात करायच्या असं ठरलं. त्यात मोठ्यांसाठी खुली दहा हजार मीटरची शर्यत होती. शेजारच्या जिल्ह्यांतून धावपटू बोलावले होते. मुख्याध्यापकांनी, मुलांनी, सगळ्यांनीच सरांच्या मागे लकडा लावला, तुम्ही उतरा. तिशी ओलांडलेली असली तरी अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्यासारखा पळणारा नव्हता. बरेच दिवस नको नको म्हणत शेवटी ते तयार झाले.

ती शर्यत मी पाहिली. पंचवीस फेऱ्या. सर पहिल्यापासून पुढे. त्यांच्या पावलांचा आवाज होत नसे. मान सरळ, नजर कुठेच नाही, फडकं बांधलेली छाती. एकेक जण गळत गेला. शेवटी त्यांच्या मागे एकच उरला, नांदेडहून आलेला एक तरुण. शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि त्या तरुणाने सरांना ओलांडलं. पण त्याने घाई केली होती. पन्नास पावलं पुढे गेला आणि त्याचे पाय लटपटायला लागले, मान वाकडी झाली. सर अजून ताजे होते. कुणालाही दिसत होतं की आता फक्त हात लांब करायचा बाकी आहे.

सगळी शाळा दोरीपाशी येऊन ओरडायला लागली. "धरा सर! धरा त्याला! धरा, धरा!"

त्या तरुणाने धावता धावता मागे वळून पाहिलं.

आणि बसवराज सर थांबले. अडखळले नाहीत, पडले नाहीत. थांबले, आखलेली रेघ ओलांडून बाहेर आले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तो तरुण कसाबसा शेवटच्या दोरीपर्यंत पोचला. लोक म्हणाले, सरांचा पाय भरला. कुणी म्हणालं, पाहुण्याला जिंकू दिलं. सोजर रडत होती. रागाने. सर अजून पाठमोरेच होते, आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मैदानाकडे गेले. सर मैदान सपाट करायच्या दगडी रुळावर बसले होते. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "बाई, काल तुम्ही ओरडत नव्हता."

"मला ओरडता येत नाही, सर."

"म्हणून तुम्हाला सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात ते कॉलेज अर्धवट सोडून मुरुडला मामाच्या आडत दुकानात राहिले होते. रेशनची तांबडी मिलो ज्वारी तिथे उतरायची आणि दारात गर्दी व्हायची. मामा म्हणाला, तू पळणारा गडी, तू दारात बस. एके दुपारी एका माणसाने अर्धं भरलेलं पोतं खांद्यावर टाकलं आणि तो पळाला. मामा ओरडला. मग सगळा बाजार ओरडायला लागला, धरा, धरा. सर उठले.

"त्याला म्या बाजारातच धरलं असतं, बाई. चार ढांगांचं काम होतं."

"मग?"

"धरलं न्हाई. मागं राहिलो." सर जमिनीकडे बघत होते. "आमच्या कोचनं शिकवलं होतं. पुढचा गडी नजरंत हाय तवर घाई करायची न्हाई. त्याला पळू द्यायचं, त्याच्या दमाचा अंदाज घ्यायचा. किती महिने मैदान बघितलं नव्हतं म्या. नुसतं दारात बसणं. मोकळं रान, पुढं एक पळणारा, आन् मागं म्या. मला बरं वाटायलं होतं, बाई. लई बरं."

तो माणूस गावाबाहेर पडला, नाला ओलांडला, शेतांतून निघाला. सारखा मागे वळून पाहायचा. सर तेवढेच मागे. त्याने पोतं टाकलं असतं तर सर थांबले असते, पण त्याने टाकलं नाही. शेवटी एका बांधाशी तो बसला. मग आडवा झाला. सर पोचले तेव्हा तो जिवंत होता. थोडा वेळच.

"लोक म्हणाले ऊन लागलं. मिटलं. मामानं माझी पाठ थोपटली, पोतं परत आलं म्हणून."

शाळेची घंटा झाली. आम्ही दोघंही उठलो नाही.

"सोजर त्याची पोरगी हाय," सर म्हणाले.

मी विचारलं, "तिला माहीत आहे?"

"न्हाई."

"तिच्या आईला?"

"न्हाई. नोकरी लागल्यावर गाव हुडकत गेलो. शाळेकडून आलोय, शिकणाऱ्या पोरी बघायलोय, असं सांगितलं. वर्षातून दोनदा-तीनदा जातो."

"सांगणार नाही तुम्ही?"

"सांगणार होतो. पोरगी जरा पळायला लागली की सांगू, असं म्हणलं होतं." ते रुळावरून उठले. "मग ती लई चांगली पळायला लागली."

त्या दिवसानंतर मला त्या अरुंद गल्लीत हसू आलं नाही. त्यांच्या जवळ असलं की माझंच लक्ष माझ्या मागच्या पावलांकडे जायचं.

हिवाळा सरता सरता विभागीय स्पर्धा नांदेडला झाल्या. मुलींबरोबर शिक्षिका हवी म्हणून मला पाठवलं. सोजरची तीन हजार मीटरची शर्यत सकाळी होती. सुरू होण्याआधी सरांनी तिला नेहमीचंच सांगितलं, आणि तिने नेहमीप्रमाणे मान हलवली नाही.

पहिल्या फेरीतच कळलं की आज ती ऐकणार नाही. एक उंच मुलगी पुढे गेली आणि सोजर तिच्या पाठीशी जाऊन चिकटली. मी सरांकडे पाहिलं. ते दोरी धरून उभे होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. फेऱ्यांमागून फेऱ्या ती तशीच त्या मुलीच्या सावलीत पळत राहिली. खरं सांगायचं तर ते पळणं देखणं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं ते. शेवटच्या फेरीत पुढची मुलगी मागे वळून बघायला लागली. एकदा, दोनदा. मग वळणावरून सरळ रेषेत येताना तिचा पाय मुडपला आणि ती तोंडावर पडली. सोजर तिच्या बाजूने निघून गेली आणि पहिली आली.

पण मी सोजरकडे पाहत नव्हते. दोरी ओलांडून बसवराज सर धावत सुटले होते. मैदान आडवं कापत, कार्यकर्त्यांना ढकलत, त्या पडलेल्या मुलीकडे. असं धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हातपाय कसेही फेकले जात होते. गुडघ्यांवर बसून त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले, "पाणी! पाणी आणा कुणीतरी!" मुलीला विशेष काही झालं नव्हतं. गुडघे सोलवटले होते, दम लागला होता. ती घाबरली ती सरांच्या चेहऱ्यामुळे. तिचे शिक्षक आले, "सर, सोडा, ठीक आहे ती," म्हणाले. तरी त्यांनी तिचं मनगट सोडलं नाही.

सोजर धापा टाकत तिथे आली. "सर, म्या पहिली आले. तुम्ही हिच्याकडं कामून आले?"

सरांनी त्या मुलीचं मनगट सोडलं. मग उठले आणि तिला घेऊन मैदानाच्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाकडे गेले. मी गेले नाही. लांबून दिसत होतं तेवढंच दिसलं. सोजर खाली बसली होती, सर उभे होते, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, शिक्षा झालेल्या मुलासारखे. थोड्या वेळाने सोजर उठली आणि एकटीच माझ्याकडे चालत आली.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. जागा रिकाम्या असूनही सर दाराजवळ दांडा धरून उभे राहिले, थेट लातूरपर्यंत. लोहा गेल्यावर सोजरने विचारलं, "बाई, तुम्हाला ठावं होतं?"

"हो."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ती गावी निघून गेली. आता पोरगी परत येत नाही असं मी धरून चालले होते. पण आठवड्याभरात ती आईला घेऊन आली. आई बारीक चणीची, उन्हाने करपलेली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. सर मैदानावर फक्की टाकत होते. त्यांना पाहून बाई सरळ तिकडे निघाली. मी आणि सोजर मागोमाग.

सरांनी फक्कीचा डबा खाली ठेवला. "आक्का, म्या..."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "आजचं न्हाई. तुमी पयल्यांदा आले तवाच वळखलं. दिलेलं पाणी हातात धरून बसायचे, पीत नव्हते. परका माणूस आसं करत न्हाई."

सर पांढरेफटक पडले. "मग बोलल्या न्हाईत कामून?"

"बोलले असते तर तुमी आला असता का परत? पोरगी घरी ऱ्हायली असती." ती एक पाऊल पुढे आली. "आज एक इचारायला आले. तुमी शेवटाला त्याच्यापाशी होते. काय बोलला का तो?"

मला वाटलं, सर खोटं बोलतील. काहीतरी बरं वाटेल असं सांगतील. त्यांनी हाताला लागलेली फक्की धोतराला पुसावी तशी सदऱ्याला पुसली.

"बोलला," ते म्हणाले. "म्या जवळ गेलो तर माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, तू दमला न्हाईस का रे?"

"मग तुमी?"

"म्या म्हणलो, न्हाई."

बाईने पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. रडतेय का हसतेय, ते मला आधी कळलंच नाही. "तसाच होता," ती म्हणाली. "दारात कुणीबी येऊ दे, आधी तेच इचारायचा. दमला का म्हणून."

सर तिच्या पायाशी वाकले. ती चटकन मागे सरली.

"ते नगं, मास्तर. पाया पडून मोकळं व्हायचं न्हाई. पोरगी हितंच शिकंल. तुमी आमच्या दारात आता येऊ नगा."

एवढं बोलून ती गेली. सोजरने दप्तर उचललं आणि वर्गात जाऊन बसली.

सोजर शाळेत राहिली, दहावी झाली. मैदानावर मात्र ती सर घरी गेल्यावर यायची. सर रोज निघण्याआधी फेरीची रेघ नव्याने आखून जायचे, पावसात पुसली तर पुन्हा. दोघं एकमेकांशी बोलल्याचं मी पाहिलं नाही. पुढे ती नांदेडला शिकायला गेली, तिथेही बरीच वर्षं पळत होती असं कळायचं. सरांनी स्वतः शर्यतीत उतरणं सोडलं. काही वर्षांनी त्यांची बदली शिरूर अनंतपाळला झाली आणि आमचा संबंध तुटला.

शेवटचं पाहिलं ते एसटीत. दहावीच्या परीक्षेच्या कामासाठी मी शिरूरच्या वाटेवरच्या एका गावी निघाले होते. मार्चचं ऊन होतं. गाडीत चढले तर खिडकीच्या बाकावर बसवराज सर. केस पार पिकले होते. खिडकीच्या गजाला डोकं टेकवून ते गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं. हाक मारावी असं फार मनात आलं. मी समोरच्या बाकावर बसले आणि नुसती पाहत राहिले.

गाडी सुटली. थोड्या वेळाने माझं लक्ष खाली गेलं. सरांच्या चपला पायांतून निसटल्या होत्या आणि त्यांचे पाय हलत होते. गाडीच्या धक्क्यांनी नव्हे. टाच उचलत होती, चवडा पत्र्यावर दाबला जात होता, एकदा डावा, एकदा उजवा, एका लयीत. चेहरा झोपलेलाच. कपाळावर घाम आला होता.

माझं गाव आलं. मी उठले, त्यांच्या खांद्याकडे हात नेला, तेव्हा कंडक्टर हळूच म्हणाला, "उठवू नका बाई. मास्तर नेहमीचेच हायेत. आसं जागं केलं की लई दचकतेत."

मी हात मागे घेतला आणि उतरले. गाडी धूळ उडवत पुढे गेली. गजाला टेकलेलं ते पांढरं डोकं वळणापर्यंत दिसत राहिलं.